एका एकराला घरचे खत पुरत नाही. रासायनिक खत एकदम बंद करावे का?

प्रश्न – मांजराकाठची शेतकरीण (तालुका कळंब, जिल्हा धाराशिव)

नमस्कार. आमची घरची चार एकर कोरडवाहू जमीन असून सातबाऱ्यावर सासऱ्यांचे नाव आहे. आमच्या भागात बऱ्याच महिला गटांनी घरच्या जमिनीतला एक एकर बायकांनी मागून घ्यावा, त्यात आधी घरी खाण्याचे पीक घ्यावे आणि खते-औषधे शक्यतो घरचीच वापरावीत, असा प्रयत्न गेली काही वर्षे चालवला आहे. दोन वर्षांपूर्वी मीही घरात बोलून विहिरीच्या वरच्या अंगाचा एक एकर माझ्याकडे घेतला. त्यात तूर, मूग, थोडा भुईमूग, रब्बीत ज्वारी आणि विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत भेंडी, गवार, मेथी, वांगी असे पीक घेते. जमीन मध्यम काळी आणि चुनखडीची आहे, आणि माती परीक्षणाच्या पत्रिकेत सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आला आहे.

पहिल्या वर्षी मी नेहमीप्रमाणे डीएपी आणि युरिया वापरला. गेल्या वर्षी मात्र दोन्ही पूर्ण बंद केले आणि उकिरड्यातले सगळे खत जूनच्या पहिल्या पावसाआधी रानात टाकले. मूग बरा झाला, पण भेंडी महिनाभरातच पिवळी पडली. भुईमुगाची झाडे जागोजागी सुकू लागली तेव्हा एक झाड धरून ओढले, तर ते मुळांशिवाय हातात आले, आणि खुरप्याने तिथली माती उकरल्यावर पांढऱ्या, वळलेल्या तीन अळ्या निघाल्या. ज्वारीची कणसेही लहान राहिली. घरातील मंडळी आता म्हणतात की प्रयोग झाला, पुन्हा पोते आणा. मला तो मार्ग सोडून द्यायचा नाही. परंतु पुढच्या वर्षीही असेच झाले तर हा एकर माझ्याकडे राहणार नाही, हेही मला दिसते.

आमच्याकडे एक देशी गाय, एक म्हैस आणि तीन शेळ्या आहेत. शेणातले जवळजवळ अर्धे गोवऱ्यांना जाते. उकिरडा घरामागे आहे आणि रान तिथून अर्ध्या किलोमीटरवर आहे. एवढ्या जनावरांच्या खतावर एक एकर चालू शकतो का, रासायनिक खत पूर्ण बंद करावे की काही ठेवावे, आणि हे सगळे डोक्यावरून वाहण्याचे श्रम कसे कमी करावेत, याबद्दल अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

उत्तर – औशाची एक एकरवाली

ताई, तुमचे भुईमुगाचे वर्णन वाचून मला माझे पहिले वर्ष आठवले, कारण माझ्याकडेही अगदी असेच झाले होते. त्या अळ्या हुमणीच्या. आपण घरामागे ज्याला उकिरडा म्हणतो त्यात रोजचे शेण, केर, राख आणि चुलीपुढचा कचरा एकावर एक पडत जातो. वरचा थर उन्हाने वाळतो, खालचा पावसाने सडतो आणि मधला कच्चाच राहतो. असे खत रानात गेले की हुमणीच्या भुंग्यांना अंडी घालायला आयती जागा मिळते आणि वाळवीही वाढते. भेंडी पिवळी पडण्याचे कारणही बहुधा त्याच कच्च्या खतात आहे, कारण धसकटे आणि काडीकचरा कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र (नायट्रोजन) आधी स्वतःसाठी ओढून घेतात आणि तो पिकाला महिना-दीड महिना मिळत नाही. म्हणजे तुमचे सेंद्रिय खत फसले असे म्हणण्याऐवजी ते तयार होण्याआधीच रानात गेले, असे म्हणणे बरोबर होईल.

मी आता उकिरडा ठेवत नाही. रानाच्या बांधालगत, बाभळीच्या सावलीला, जमिनीच्या वर दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि कमरेइतका उंच ढीग लावते. खाली तुराट्या आणि धसकटे, त्यावर सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरलेला भुसा), त्यावर शेणकाला शिंपडून जुन्या खताची किंवा बांधावरच्या मातीची पातळ चादर, आणि पुन्हा तोच क्रम. वरून मातीने आणि शेणाने लिंपून घेते. ओलावा किती असावा याची माझी खूण अशी आहे की मूठभर माल हातात दाबल्यावर तळहात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात लोखंडी पहार खुपसून ठेवावी आणि थोड्या वेळाने काढून हात लावावा; ती चांगली गरम लागली तर काम सुरू झाले असे समजावे. महिन्याने एकदा आणि दोन महिन्यांनी पुन्हा एकदा ढीग वरखाली करते. चार महिन्यांत काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत मिळते. खात्री करण्यासाठी मी एका फुटक्या कुंडीत ते खत भरून मूठभर मेथी टाकते. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सरळ उगवून हिरवी राहिली तर खत रानात न्यायचे, आणि उगवण मार खाऊ लागली तर आणखी पंधरा दिवस थांबायचे.

आता श्रमांविषयी, कारण या गोष्टीकडे सल्ला देणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. एका पाटीत फार तर वीस किलो खत बसते. तीन टन खत म्हणजे दीडशे पाट्या, आणि तुमचे रान अर्धा किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर चालणे झाले, त्यातले निम्मे डोक्यावर ओझे घेऊन. पहिल्या दोन वर्षांत मी हे केले आणि माझी मान कायमची दुखू लागली. म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की ढीग रानातच लावा. तुराट्या, धसकटे, गुळी हे जड सामान मुळात रानातलेच असते, ते घरी आणून पुन्हा रानात नेण्यात काहीच अर्थ नाही. घरून न्यायचे ते फक्त शेण, आणि तेही रोज रानात जाताना एक पाटी नेले तर वेगळी खेप पडत नाही. शिवाय घरात ठामपणे बोलून वर्षातून एक दिवस बैलगाडी किंवा ट्रॉली आपल्या एकरासाठी मागून घ्या. पोत्यातले खत रानात पोहोचवायला घरातला पुरुष गाडी जुंपतो आणि शेणखत मात्र बाईच्या डोक्यावरून जाते, हे बदलायला हवे.

हुमणीसाठी एक गोष्ट गटाने मिळून करा. वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर संध्याकाळी भुंगे जमिनीतून निघून कडुनिंबावर आणि बाभळीवर बसतात. आठ-पंधरा दिवस रोज अंधार पडल्यावर फांद्या हलवून खाली पडलेले भुंगे गोळा करायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. एकीनेच केले तर शेजारच्या रानातले भुंगे येतात, म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी करणे महत्त्वाचे आहे.

उत्तर – निवृत्त मृदशास्त्र शिक्षक

वरील उत्तर अनुभवाचे आहे आणि त्यातील प्रत्येक सूचनेशी मी सहमत आहे. मी फक्त हिशेबाची बाजू मांडतो, कारण हिशेब न मांडता रासायनिक खत बंद केल्यामुळे निराश झालेली अनेक कुटुंबे मी पाहिली आहेत.

युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे सुमारे २१ किलो नत्र असतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात तो साधारण अर्धा टक्का असतो, म्हणजे एक टन खतातून ५ किलो. तेव्हा एका पोत्याची बरोबरी करायला सुमारे चार टन शेणखत लागते. शिवाय त्यातला ढोबळ मानाने एक तृतीयांश नत्रच पहिल्या वर्षी पिकाला मिळतो, बाकीचा पुढील हंगामांत हळूहळू सुटतो. स्फुरदाचे (फॉस्फरसचे) गणित याहून अवघड आहे. डीएपीच्या एका पोत्यात २३ किलो स्फुरद असते आणि तेवढे शेणखतातून मिळवायचे तर दहा टनांच्या आसपास खत लागेल.

तुमची गाय आणि म्हैस मिळून दिवसाला वीस-बावीस किलो ओले शेण देत असतील, तर वर्षाचे सुमारे आठ टन होते. त्यातले अर्धे गोवऱ्यांना गेले की चार टन उरते आणि त्यात बहुतांश पाणीच असते. काडीकचरा आणि माती घालून, कुजताना होणारी घट धरून, वर्षाला तीन टन तयार खत हाती आले तर ते उत्तम व्यवस्थापन म्हणावे लागेल. ते चाळीस गुंठ्यांवर पसरले तर कुठेच परिणाम दिसणार नाही. म्हणून माझा सल्ला असा आहे की ते दरवर्षी फक्त तेरा-चौदा गुंठ्यांवर, चांगल्या मात्रेने द्यावे आणि पुढच्या वर्षी पुढचा पट्टा घ्यावा. तीन वर्षांत सगळा एकर एकदा होतो, आणि शेणखताचा परिणाम पुढेही टिकत असल्याने पहिला पट्टा तोवर अगदी रिकामा झालेला नसतो. भाजीच्या जागेला मात्र दरवर्षी थोडे द्यावेच लागेल. तिथे शेळ्यांच्या लेंड्या कुजवून वापराव्यात, कारण त्यांतील अन्नांश शेणापेक्षा बरेच अधिक असतात.

उरलेला नत्र कडधान्यांकडून मिळवायचा आहे. तूर आणि मूग आपला बराचसा नत्र मुळांवरच्या गाठींतून हवेतून घेतात. तुम्ही मुगाला खत दिले नाही तरी तो बरा झाला, याचे कारण हेच. पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू चोळावेत. दहा-बारा किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून, आणि बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे आणि जिवाणू अगदी शेवटी. दरवर्षी मूग निघालेल्या पट्ट्यातच ज्वारी घेतली, तर कणसांचा आकार सुधारेल.

रासायनिक खताबाबत माझे मत स्पष्ट आहे: एकदम बंद करू नये. युरिया पहिल्या वर्षी निम्मा करावा आणि खत घातलेल्या पट्ट्यात बंद करावा. स्फुरद मात्र तुरीला पेरणीच्या वेळी, बियाण्याच्या खाली पडेल असे पाभरीने (पेरणीच्या अवजाराने) निम्म्या मात्रेत दोन-तीन वर्षे द्यावे. तुमच्या चुनखडीच्या जमिनीत रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची पूड) विरघळत नाही, त्यामुळे सेंद्रिय म्हणून कोणी ते सुचवले तर पैसे घालवू नयेत. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकाएकी थांबवली आणि शेतकऱ्यांचा विरोध वाढल्यावर काही महिन्यांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. तिथे चुकली ती घाई. ज्या जमिनीत कर्ब ०.३८ टक्के आहे ती जमीन वर्षानुवर्षे उपाशी आहे, आणि तिला पूर्ववत व्हायला वेळ द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जी जवळपास फुकट आहे. जनावराच्या मूत्रात नत्र भरपूर असतो आणि तो गोठ्याच्या मातीत मुरून वाया जातो. जनावरांच्या मागच्या अंगाला रोज सोयाबीनची गुळी किंवा वाळलेली माती अंथरावी आणि भिजली की ढिगात टाकावी. ढिगाजवळ डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला, तर तुमचा नत्र हवेत चालला आहे असे समजून तातडीने मातीचा थर द्यावा.

उत्तर – भूमची वाटेकरी

मला जमीन नाही. मी दुसऱ्याचे दीड एकर रान वाट्याने करते आणि घरी फक्त चार शेळ्या आहेत, म्हणून माझा अनुभव थोडा वेगळा आहे. उन्हाळ्यात धनगरांचे कळप आमच्या शिवारात येतात. गेल्या वर्षी आम्ही तिघींनी मिळून लागोपाठच्या रानांत चार रात्री मेंढ्या बसवल्या आणि त्याबदल्यात ज्वारी दिली. लेंड्या आणि मूत्र दोन्ही जागेवरच पडते, एकही पाटी उचलावी लागत नाही. मेंढ्या उठल्यावर लगेच वखर मारून लेंड्या मातीआड कराव्यात, नाहीतर उन्हात वाळून त्यांतला कस जातो. पूर्वी प्रत्येक गावात हा रिवाज होता, आणि ज्यांच्याकडे जनावरे नाहीत अशा बायकांसाठी यापेक्षा सोपे खत मला माहीत नाही.

विकतच्या सेंद्रिय खताबद्दल सावध राहा. मी एका दुकानातून गांडूळखताची सहा पोती घेतली आणि घरी आणून बादलीत भिजवली, तर तळाशी अर्ध्याहून जास्त वाळू आणि माती बसली. पोत्यावर नत्र, कर्ब किंवा उत्पादकाचा पत्ता काहीच छापलेले नव्हते. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे गांडूळखतात किमान एक टक्का नत्र आणि अठरा टक्के सेंद्रिय कर्ब असावा लागतो, हे मला नंतर कृषी सहायकांकडून समजले. तेव्हा पोत्यावर हे आकडे आहेत का ते पाहूनच आणि पावती घेऊनच खरेदी करा.

जीवामृताविषयी तुम्ही विचारले नाही, पण कोणीतरी सांगेलच. दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती आणि दोनशे लिटर पाणी, असे एका एकराचे प्रमाण सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीत आहे. त्याने पिकाला तजेला येतो असा माझा अनुभव आहे. मात्र दर वेळी दोन किलो बेसन घालणे मला परवडत नाही, कारण त्यात माझ्या घरचे आठ दिवसांचे पिठले होते. मी त्याऐवजी डाळीची चुरी भिजवून घालते आणि खत म्हणून केवळ जीवामृतावर विसंबत नाही.

उत्तर – लोहाऱ्याची आजी

पोरी, सगळ्यांनी खताचे सांगितले, मी जमिनीचे सांगते. आमच्या घरी मी एका तुकड्यात चार वर्षे खत घातले. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडियाची झाडे) लावले, त्याचा पाला वर्षातून दोनदा कापून सऱ्यांत टाकला. पाचव्या वर्षी त्या मातीत अनवाणी पाय ठेवला की रुतत असे, इतकी ती मऊ झाली होती. त्याच वर्षी घरात वाटणी झाली आणि तो तुकडा धाकट्या दिराकडे गेला. कोणी माझ्याशी वाईट वागले नाही. पण तो तुकडा मी घडवला होता हे कागदावर कुठेच नव्हते, म्हणून ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

पोत्यातल्या खताचा फायदा त्याच हंगामात हाती येतो. शेणखताचा फायदा तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसतो, म्हणून ज्या बाईला आपल्याकडे हे रान उद्या राहील की नाही याची खात्री नाही, तिने पाट्या वाहायच्या कशाच्या भरवशावर? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभरांतली जेमतेम चौदा वहिवाटखाती बायकांच्या नावावर होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायकांचे मोठे अधिवेशन भरवले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करायला सांगितले. सरकारचीही लक्ष्मीमुक्ती योजना आहे, तिच्यात नवऱ्याने अर्ज केला तर त्याच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. तुझ्याकडे जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणजे आधी तुझ्या नवऱ्याच्या नावे वाटणी व्हावी लागेल. ती तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीने होते. सासरे हयात आणि राजी असताना हे बोलणे सोपे जाते. निदान एवढे तरी ठरवून घे की वाटणीत विहिरीच्या वरचा एकर तुमच्याच हिश्श्यात येईल. हे बोलून झाले की मग खुशाल ढीग लाव.

प्रश्नकर्तीचे उत्तर – मांजराकाठची शेतकरीण

सर्वांचे मनापासून आभार. आजी, तुमचे उत्तर मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले की विहिरीच्या वरच्या अंगाचे रान तसेही तुमच्याच वाट्याला द्यायचे मनात आहे, तलाठ्याकडे एकदा विचारून येऊ. त्यावर लगेच काही होईल असे नाही, पण हा विषय आमच्या घरात प्रथमच निघाला.

सरांनी सांगितल्याप्रमाणे या वर्षी वरच्या तेरा गुंठ्यांवरच खत देईन, युरिया निम्मा करीन आणि तुरीला स्फुरद पाभरीने देईन. यजमानांना हे पटले, कारण पोते पूर्ण बंद होणार नाही आणि ज्वारीला धोका नाही. औशाच्या ताईंनी सांगितलेली पाट्यांची संख्या ऐकून त्यांनी स्वतःहूनच उकिरड्यातला जुना माल एका दिवसात गाडीने बांधावर टाकून देतो असे सांगितले. आता चैत्र चालू आहे, म्हणजे ढिगाला जूनपर्यंत चार महिने पुरे मिळत नाहीत. म्हणून हे खत खरिपाला न देता रब्बीच्या ज्वारीआधी द्यावे असे मी ठरवले आहे. यात काही चूक असेल तर सांगावे.

गोवऱ्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. गॅसची टाकी घरात आहे, पण ती भरून आणायला रोख पैसे लागतात आणि गोवरीला लागत नाहीत. पावसाळ्यापुरत्या गोवऱ्या थापून झाल्या की उरलेल्या महिन्यांत चुलीला तुराट्या वापरून शेण वाचवायचे असे मनात आहे, पण मग ढिगाच्या तळाला घालायला तुराट्या कमी पडतील.

उत्तर – औशाची एक एकरवाली

रब्बीचे तुम्ही अगदी बरोबर ठरवले आहे. सप्टेंबरमध्ये खत मातीत मिसळले तर ओलही धरून राहते आणि ज्वारीला तिचाच आधार असतो. तुराट्या खुशाल चुलीला वापरा. तळाला पऱ्हाटी, ज्वारीची धसकटे, बांधावरचे वाळलेले गवत, काहीही चालते. तिथे फक्त हवा खेळायला हवी. गाजर गवत उपटून घालणार असाल तर ते फुलोऱ्यावर येण्याआधीच घाला, नाहीतर त्याचे बी खताबरोबर सगळ्या रानात पसरेल. आणि बांधावर गिरिपुष्पाची काटकी मृगाच्या पावसात दोन-दोन फुटांवर खोचून ठेवा. माझ्याकडे साठ-सत्तर झाडे आहेत. लागली की शेळ्यांपासून पहिले वर्षभर राखावी लागतात, त्यानंतर ती आपली आपण वाढतात.